घड्याळापेक्षा १९८४ चा निर्णय मोठा

अमेरिकन उद्योजक आणि दानशूर चक फीनी यांच्यावरच्या या लेखात त्यांचं स्वस्तातलं कॅसिओ घड्याळ आणि इकॉनॉमी क्लासचा प्रवास यांवरच भर आहे. त्या गोष्टी खऱ्याच, पण मला १९८४ सालचा त्यांचा निर्णय त्याहून कितीतरी मोठा वाटतो. रॉबर्ट मिलर यांच्याबरोबर १९६० मध्ये सुरू केलेल्या ‘ड्यूटी फ्री शॉपर्स’ या करमुक्त वस्तूंची दुकानं चालवणाऱ्या कंपनीतला आपला जवळजवळ सगळा हिस्सा त्यांनी स्वतःच्याच दानसंस्थेला देऊन टाकला आणि कुणाला कळूही दिलं नाही! त्यानंतरही फोर्ब्स मासिक त्यांना अतिश्रीमंतांत मोजत राहिलं. १९९७ च्या सुमारास कंपनी विकली जाताना हे उघड झालं.

आयर्लंडमधलं लिमरिक विद्यापीठ, व्हिएतनाममधली आरोग्य केंद्रं, ते स्वतः जिथे शिकले ते कॉर्नेल विद्यापीठ, कितीतरी ठिकाणी पैसा गेला, पण इमारतींवर नाव लावू दिलं नाही. एकूण ८ अब्ज डॉलरहून जास्त! जिवंतपणीच सगळं द्यायचं, हा त्यांचा हट्ट होता. २०२० मध्ये पैसे वाटून संपले आणि संस्था बंद झाली, तेव्हा ते सॅन फ्रान्सिस्कोत भाड्याच्या घरात राहत होते. लेखात या बंद होण्याचा उल्लेखच नाही, तो कृपया जोडावा.