मी मिसप्लेस केलं म्हणे

ऑफिसचं ॲक्सेस कार्ड सापडेना. ते गळ्यात अडकवायचं, दारावरच्या मशीनला दाखवलं की टुंग वाजून दार उघडतं ते. निघायची वेळ झालेली, बॅग तीनदा उपडी करून झाली, त्यातून एका पेनाचं टोपण निघालं (पेन केव्हाच गेलंय), दोन मेलेले चार्जर निघाले, एकच कानातलं निघालं, कार्ड नाही. आई नेहमीप्रमाणे दारात उभी राहून म्हणाली, "नीट बघितलंस का?" आता याला काय उत्तर द्यायचं, नाही गं, वाकडं बघितलं? त्यात लेकीने "मम्मा, शेवटचं कुठे ठेवलं होतंस?" विचारलं. ते माहीत असतं तर मी सोफ्याखाली पालथी पडले असते का.

शेवटी तशीच गेले. दाराशी उभं राहून कोणी आत जातंय का बघत बसले, मग त्याच्या पाठोपाठ चोरासारखी आत. जागेवर बसून ॲडमिनला मेल लिहायला घेतला आणि खरा छळ इथून सुरू झाला, कारण मेल इंग्लिशमध्ये लिहायचा होता.

मराठीत काही प्रश्नच नव्हता. "माझं कार्ड हरवलं." किती सोज्वळ वाक्य आहे बघा, हरवण्याचं काम कार्डाने केलंय, माझा संबंध एवढाच की ते माझं होतं. आपल्याकडे वस्तू स्वतःच्या पायांनी जातात, चष्मा सापडत नाही, रिमोट दिसत नाही, छत्री कुठेतरी राहते, फाईल गहाळ होते. या गहाळचं तर मला विशेष कौतुक आहे, गहाळपणा माणसाचा असतो पण गहाळ मात्र फाईल होते, माणूस आपला खुर्चीत बसून. आणि इंग्लिशमध्ये? "आय लॉस्ट माय कार्ड." पहिल्याच शब्दाला आरोपी हजर.

बरं मी घाईत ते लॉस्टपण नव्हतं लिहिलं, "आय हॅव लूज माय कार्ड" असं लिहून बसले होते, तेही दोन ओ घालून. बाजूच्या कलीगने मान लांब करून वाचलं आणि म्हणाला, अगं हे लूज म्हणजे ढिलं, तू कार्ड ढिलं केलंस असं झालं हे. मग त्याने मला भर सकाळी शिकवलं की हरवण्यातल्याला ओ एक आणि उच्चार लूझ, ढिल्यातल्याला ओ दोन आणि उच्चार लूस. आपण दोन्हीला लूजच म्हणतो, स्क्रू पण लूज आणि वेट पण लूज. पण मी म्हणते, चूझमध्ये दोन ओ चालतात ना, त्याचा उच्चार अगदी लूझसारखाच ना, मग लूझने एकातच का भागवलं? दुसरा ओ बहुतेक त्यांनी लॉस्ट केला असणार.

आणि हा एक शब्द किती घरचं पाणी भरतो तेही बघा. किल्ली हरवली, लॉस्ट. मॅच हरलो, लॉस्ट. पाच किलो कमी झाले, लॉस्ट, ते तर कोणी शोधायलाही जात नाही. चिडले, टेंपर लॉस्ट. घड्याळ मागे पडत असेल तर ते टाइम लूझ करतं म्हणे. समोरच्याचं बोलणं डोक्यावरून गेलं तर "यू लॉस्ट मी", म्हणजे मी ऐकत नव्हते पण मला हरवलंस तू, हे एक मात्र सोयीचं आहे. लूझ फेस तर चिनी भाषेतून उचललेलं आहे, स्वतःचे एवढे अर्थ असताना. आपल्याकडे प्रत्येकाला वेगळं क्रियापद आहे, पैसा गमावतो, संधीला मुकतो, भान हरपतं, मॅच हरतो, किल्ली हरवते. त्यातही गंमत अशी की मराठीत हरवणं म्हणजे समोरच्याला पाडणंही असतं, म्हणजे त्या दिवशी खरं तर कार्डाने मला हरवलं, सरळ सेटमध्ये. हे इंग्लिशमध्ये सांगून बघा कोणाला.

आता कोणी म्हणेल एका कार्डासाठी एवढं काय. पण मला लॉस्ट लिहायचंच नव्हतं, लॉस्ट लिहिलं की कार्ड ब्लॉक आणि वर फॉर्म. म्हणून मी हळूच "मिसप्लेस्ड" लिहिलं. कसं भारदस्त वाटतं, जसं काही वस्तू आहेच, फक्त जागेचा थोडा घोळ आहे. शिवाय मिसप्लेसला मोठमोठी कामं असतात, चुकीच्या माणसावर ठेवलेला विश्वास मिसप्लेस्ड असतो, स्वल्पविराम मिसप्लेस होतो. त्याचाच एक भाऊ आहे मिसले, त्याला हे असलं काही झेपत नाही, तो आपला चष्मा, किल्ली, छत्री एवढ्यावर समाधानी. डिक्शनरीत त्याचा अर्थ वाचून माझे डोळे भरून आले, कुठे ठेवलं ते विसरल्यामुळे तात्पुरतं हरवणे. तात्पुरतं! असा आशावादी शब्द आणि वापरत कोणी नाही. (मिसलेडचा विषय वेगळा. तो दिशाभूलवाला मिसलेड मी कित्येक वर्षं मनातल्या मनात मायझल्ड असा वाचत होते आणि मायझल करणे असं काहीतरी क्रियापद असेल असं समजत होते. असो.)

हा फरक नुसता डिक्शनरीवाल्यांचा नाहीये बरं का, यावर कोर्टात भांडणं झालीयेत. इंग्लिश कायद्याच्या परंपरेत नकळत पडलं ते लॉस्ट आणि मुद्दाम ठेवून विसरलं ते मिसलेड, म्हणजे त्या मिसलेचाच भूतकाळ, दिशाभूलवाला नव्हे. १७२२ मध्ये लंडनमध्ये धुराडी साफ करणाऱ्या एका पोराला खड्यांचा दागिना सापडला, तो सोनाराकडे दाखवायला गेला तर सोनाराच्या दुकानातले खडेच परत देईनात, तेव्हा कोर्टाने सांगितलं की खरा मालक सोडून बाकी सगळ्यांपुढे हक्क ज्याला सापडलं त्याचा. पण १८६६ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या एका न्हाव्याच्या दुकानात कोणीतरी पाकीट टेबलावर ठेवून विसरलं, ते दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिसलं, मालक काही आला नाही, तर कोर्ट म्हणालं हे पाकीट लॉस्ट नाहीच, कोणीतरी हाताने ठेवलेलं आहे, त्यामुळे दुकानदाराकडेच राहणार. म्हणजे सापडलं ज्याला, केस लॉस्ट पण त्यानेच केली. कमाल आहे.

आणि हे वाचता वाचता मला जे सापडलं त्याने तर मी खुर्चीतून उठलेच. जुन्या इंग्लिशमध्ये या लूझचा पूर्वज होता लोसियन, आणि त्याचा अर्थ नाश पावणे, हरवणे, म्हणजे वस्तू आपली आपण हरवायची, अगदी आपल्यासारखं! माणूस निर्दोष! पुढे मध्ययुगात कधीतरी त्यांनी माणसाला वाक्यात पुढे आणून उभं केलं. चांगली चाललेली व्यवस्था होती, काय गरज होती कळत नाही.

ॲडमिनच्या मॅडमचा रिप्लाय आला, एका ओळीचा. मिसप्लेस्ड म्हणजे लॉस्ट आहे की नाही? खाली फॉर्मची लिंक. फॉर्ममध्ये तीनच पर्याय, लॉस्ट, स्टोलन, डॅमेज्ड. तात्पुरतं हरवलेल्यांसाठी काही सोय नाही. स्टोलन टाकायचा एकदा मोह झाला, कारण त्यात आरोपी दुसराच कोणी असतो, पण पुढे तपशील मागितले असते. झक मारत लॉस्ट टाकलं. खाली "रीझन" चा रकाना होता, तोही भरल्याशिवाय फॉर्म जाईना. हरवण्याचं कारण काय असतं हो? कारण माहीत असलेली वस्तू हरवत नाही. तिथे नुसतं टिंब टाकून दिलं, आणि दुपारपर्यंत कार्ड ब्लॉक.

चौथ्या दिवशी लेकीचा पासपोर्ट हवा होता म्हणून कपाटातलं महत्त्वाच्या कागदांचं फोल्डर काढलं तर पासपोर्टच्या कव्हरात माझं कार्ड. आठवलं एकदम. त्याआधीच्या आठवडाभराच्या सुट्टीत कुठे हरवायला नको म्हणून मीच तिथे ठेवलं होतं, नीट, विचार करून, घरातल्या सगळ्यात सुरक्षित जागी. याला मिसप्लेस म्हणणाऱ्यांनी मला सांगावं यात मिस काय होतं. जागा एक नंबर होती. आई म्हणाली, "मी म्हटलं नव्हतं नीट बघ म्हणून?"

त्याच दिवशी ॲडमिनने फॉर्म परत पाठवला होता, रीझनमध्ये टिंब चालत नाही म्हणून. मी प्रामाणिकपणे "केप्ट सेफली" लिहिलं. पाच मिनिटांत मॅडमचा फोन.

"मॅडम, इथे सेफली ठेवलं असं लिहिलंय तुम्ही."

"हो."

"मग हरवलं कसं?"

"म्हणूनच."

पलीकडे थोडा वेळ नुसता कीबोर्डचा आवाज. "मी लॉस्टच ठेवते मग," त्या म्हणाल्या, आणि मग आवाज खाली आणून, "माझं पण तसंच झालं होतं हो, पॅनकार्डचं."