रूटीन लावून घ्या!

डोकेदुखीपासून विसरभोळेपणापर्यंत माझ्या कोणत्याही तक्रारीवर हितचिंतकांकडे एकच औषध असते: ‘रूटीन लावून घ्या.’ हे सांगणारा गृहस्थ स्वतः पहाटे पाचला उठतो म्हणे, आणि त्यावर विश्वास ठेवणे मला भाग आहे, कारण पाच वाजून दोन मिनिटांनी त्याचा सुप्रभातीचा संदेश येऊन मलाही उठवतो.

‘एकवीस दिवस कळ काढा, पुढे सवय आपोआप लागते,’ अशी पुस्तीही हे लोक जोडतात. या आकड्याचे मूळ शोधले, तेव्हा मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचे एक अमेरिकी प्लास्टिक सर्जन हाती लागले. शस्त्रक्रियेनंतर आपला नवा चेहरा अंगवळणी पडायला रुग्णांना साधारणपणे किमान २१ दिवस लागतात, असे निरीक्षण त्यांनी १९६० च्या आपल्या पुस्तकात नोंदवले होते. मला नवे नाक बसवायचे नसून जुनेच शरीर अंथरुणातून बाहेर काढायचे आहे, हा बारकावा पुढे कानोकानी जाताना कुठेतरी गळून पडला असावा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात हाच काळ माणसागणिक १८ पासून २५४ दिवसांपर्यंत निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडत नाही, असेही त्यांना आढळले. हे वाक्य मी सर्व हितचिंतकांना मोठ्याने वाचून दाखवले आहे.

वेळापत्रक आखण्यातले सुख मात्र निर्विवाद आहे. व्यायाम हिरव्या रकान्यात, वाचन निळ्या, ध्यान जांभळ्या. रकान्यांच्या रेषा तर अशा सरळ, की तो कागद पाहूनच थकवा जावा. फक्त दाराच्या बेलला त्यात रकाना नसतो आणि ती नेमकी ध्यानाला बसल्यावर वाजते.

डॉक्टरांचे रूटीन आणखी निराळे. ‘काळजीचे कारण नाही, रूटीन तपासण्या आहेत,’ असे ते म्हणतात, आणि त्या क्षणापासून अहवाल हाती पडेपर्यंत माझी झोप, भूक आणि चित्त यांपैकी काहीही ठिकाणावर राहत नाही.

मुळात माझे रूटीन नाही, हा आरोपच मला मान्य नाही. बाहेर पडताना किल्ल्या शोधण्याचा माझा क्रम वर्षानुवर्षे तसूभरही ढळलेला नाही: आधी कालच्या पँटचा खिसा, मग टेबल, मग टेबलाखाली, मग घरच्यांवर संशय आणि सर्वांत शेवटी दार, जिथे त्या रात्रभर कुलपालाच लटकत असतात. थेट दारापासून सुरुवात करून पाहावी, असे घरच्यांनी अनेकदा सुचवले. परंतु कोणतेही वेळापत्रक न आखता इतकी छान बसलेली घडी विस्कटायला माझे मन काही धजत नाही.