रबर, दूध आणि खुर्ची : एका प्रतिक्रियेला उत्तर

दुचाकीचा टायर बदलताना काय पाहावे, यावरील माझ्या लेखाला परभणी जिल्ह्यातील एका वाचकाने पाठवलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. तिच्यात चार गोष्टी आहेत. टायरवरची तारीख पाहण्याचा आग्रह तालुक्याच्या गावी निरुपयोगी आहे, कारण तिथे दुकानात असेल तोच टायर घ्यावा लागतो, नव्या टायरबरोबर नवी ट्यूब घ्यायला सांगणे म्हणजे दुकानदाराची तळी उचलणे आहे, तारीख वाचण्याची मी दिलेली रीत उलटी आहे, आणि चौथी गोष्ट त्यांच्याच शब्दांत अशी : ‘रबर म्हणजे दूध नव्हे, तारीख उलटली की नासायला, पण खुर्चीत बसून लिहिणाऱ्याला हे कुठून कळणार?’

तिसरा आक्षेप मला मान्य आहे. टायरच्या कडेवर लंबगोल चौकटीत जे चार अंक असतात, त्यांतील पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. म्हणजे २३१९ हा २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला टायर. मी क्रम उलटा लिहिला होता. लेखात दुरुस्ती केली आहे, आपले आभार. मात्र लिहिताना अंकांची अदलाबदल होणे वेगळे आणि विषयच ठाऊक नसणे वेगळे, एवढा फरक आपल्यासारख्या जाणत्या वाचकाने करायला हवा होता.

आता खुर्चीबद्दल. गेवराईला माझ्या वडिलांचे पंक्चरचे दुकान होते आणि आठवीपासून पदवी मिळेपर्यंत माझी प्रत्येक उन्हाळी सुटी तिथे गेली. त्या दुकानात खुर्ची नव्हतीच. गिऱ्हाइकासाठी एक बाकडे होते आणि आमच्यासाठी पोते. पाण्याच्या घमेल्यात ट्यूब फिरवून बुडबुडा शोधणे, वेड्या बाभळीचा मोडलेला काटा टायरच्या आतून बोटाने चाचपून चिमट्याने ओढणे, ही कामे मी केलेली आहेत. टायर चढवताना शेवटची वीतभर कड राहते, तिथे नवशिका टामीवर, म्हणजे टायर चढवायच्या लोखंडी पट्टीवर, जोर देतो, ट्यूब टामी आणि रिम यांच्यात चिमटते आणि हवा भरताच फुसकन आवाज येतो. समोरची कड गुडघ्याने दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात उतरवली, की तीच वीतभर कड फारसा जोर न लावता आत जाते. हे मला वडिलांनी शिकवले, तेही दोन ट्यूब माझ्या हातून गेल्यानंतर. त्यामुळे ‘खुर्चीत बसून’ हे शब्द आपण कोणाला उद्देशून वापरले, याचा एकदा शांतपणे विचार करावा.

रबर दुधासारखे नासत नाही, हे खरे आहे, आणि नासते असे मी कुठेही लिहिलेले नाही. ते चामड्यासारखे वाळते. ऊन, उष्णता आणि हवेतील ओझोन यांमुळे त्याचा लवचिकपणा जातो. हे टाळण्यासाठी कंपन्या रबरात मेण आणि इतर द्रव्ये घालतात. टायर फिरत राहिला, की हे मेण पृष्ठभागावर येत राहते. दुकानाच्या पत्र्याखाली टांगून ठेवलेल्या टायरला तोही लाभ मिळत नाही, आणि आपल्याकडे मे महिन्यातला पत्रा कसा तापतो, हे परभणीच्या माणसाला मी सांगावे काय? सावलीत, नीट ठेवलेला टायर दोन-तीन वर्षांचा असला तरी घ्यायला हरकत नाही. पण तो तसा ठेवला होता, याची हमी देणार कोण?

हे मी स्वतःच्या गुडघ्याच्या बळावर सांगतो. जून २०२१ मध्ये मांजरसुंब्याच्या घाटात, पहिल्या पावसात, माझ्या स्प्लेंडरचे मागचे चाक वळणावर सरकले आणि मी डाव्या अंगावर पडलो. गुडघ्याला सात टाके पडले. मागचा टायर सहा महिन्यांपूर्वीच नवा म्हणून घेतलेला होता. दुचाकीच्या टायरवर किमान ०.८ मिलिमीटर नक्षी असावी, असा नियम आहे. माझ्या टायरवर ती जवळजवळ पूर्ण होती. घरी आल्यावर खाली बसून पाहिले, तर अंक ०८१४ होते. नख रोवले, तर रुतेना. नक्षीच्या खाचांच्या तळाशी केसाएवढ्या भेगा होत्या. पहिल्या पावसात नवा टायरही घसरतो, असे आपण म्हणाल. मग पुढचा टायर त्याच वळणावर कसा धरून राहिला? घेताना मीही तारीख पाहिली नव्हती, म्हणूनच आता इतरांना पाहायला सांगतो. यात शहाणपणा मिरवण्याचा प्रश्न कुठे आला?

तालुक्यात निवड नसते, या तक्रारीवर माझ्याकडे इलाज नाही. पण कपाशीच्या बियाण्याची पिशवी घेताना तिच्यावरची मुदत न पाहता तुम्ही पैसे मोजता काय? तिथे दुकानदाराशी भांडता येते, मग इथे का येत नाही? ट्यूबचे म्हणाल, तर वापरून ताणलेली ट्यूब नव्या टायरमध्ये दुमडते आणि दुमड पडली तिथेच घासून फाटते. कोणाची तळी उचलण्याची मला गरज नाही, आणि या आरोपाला याहून जास्त उत्तर देण्याचीही इच्छा नाही.

आपल्या गाडीच्या मागच्या टायरवरचे चार अंक मात्र जरूर कळवावेत. ते बहुधा एकाच बाजूला असतात. साखळीच्या बाजूला दिसले नाहीत, तर दुसरीकडून वाकून पाहावे. वर्ष शेवटी असते, हे तर आपल्याला ठाऊक आहेच.