गरम झऱ्यातल्या बॅक्टेरियाचा डीएनए काही लोखंडाचा नसतो

तो मेसेज परत फिरतोय. 'उकळत्या झऱ्यातल्या बॅक्टेरियांचा डीएनए उष्णतेने खराबच होत नाही, कारण त्यात जीसीच्या मजबूत जोड्या जास्त असतात, म्हणून त्यांच्यात म्युटेशन होत नाहीत आणि म्हणूनच त्यांचं एन्झाइम पीसीआरमध्ये चूक करत नाही.' एका दमात चार दावे, चारही गंडलेले. (जीसी म्हणजे डीएनएतली ग्वानिन-सायटोसिन ही जोडी, म्युटेशन म्हणजे डीएनएच्या अक्षरांत झालेला बदल, आणि पीसीआर म्हणजे डीएनएच्या भरपूर कॉपी काढायची लॅबमधली पद्धत.)

खराब होत नाही म्हणे. अहो होतो की, आणि आपल्यापेक्षा जास्त वेगाने होतो! तेच चार बेस (डीएनएची अक्षरं ए, टी, जी, सी), तेच बाँड. तापमान वाढलं की सायटोसिनचं (सी) युरॅसिल (डीएनएत नसायला हवा असा बेस) व्हायचा वेग वाढतो, ते वेळेत काढलं नाही तर पुढच्या कॉपीत सीच्या जागी टी येतो, आणि ॲडेनिन-ग्वानिन तर साखरेपासून सुटूनच जातात.

जीसीचं तर विचारूच नका. सल्फोलोबस ॲसिडोकॅल्डेरियस (काटेकोर बोलायचं तर हा आर्किया, म्हणजे एकपेशी जीवांचा वेगळाच गट, बॅक्टेरिया नाही) 75-80 अंशाला मजेत वाढतो आणि त्याचं जीसी 37 टक्क्यांच्या आसपास, उलट मातीतल्या साध्या स्ट्रेप्टोमायसिसचं 70 च्या वर. थर्मस या गरम झऱ्यातल्या बॅक्टेरियाचं जास्त आहे, तेवढं एकच उदाहरण धरून लोक बसलेत. तापमानाबरोबर जीसी वाढतं ते रायबोसोमच्या (पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या) आरएनएमध्ये, अख्ख्या जीनोममध्ये, म्हणजे सगळ्या डीएनएमध्ये, नाही.

आता म्युटेशन, खरी गंमत इथे आहे. मोजतात कसं, तर फाइव्ह-एफओए नावाचं रसायन घातलेल्या प्लेटवर पेशी पसरतात, ज्यांचा युरॅसिल बनवणारा जीन धड आहे त्या त्या रसायनाचं विष करून घेऊन मरतात, जीन बिघडलेल्या तेवढ्या जगतात आणि त्यांच्या कॉलनी मोजायच्या (एवढ्या तापमानाला प्लेटमधली नेहमीची 'अगर' जेली नीट टिकत नाही म्हणून जेलन गम वापरतात). म्युटेशन होतच नसती तर प्लेट कोरी राहिली असती ना! डेनिस ग्रोगन वगैरे संशोधकांनी 2001 मध्ये सल्फोलोबससाठी आकडा काढला, दर कॉपीमागे अख्ख्या जीनोममध्ये साधारण 0.0018, म्हणजे साडेपाचशे कॉपींत एखादं. ई. कोलायसारख्या साध्या तापमानातल्या जंतूंचा 0.003 च्या आसपास असतो. म्हणजे म्युटेशन होतात, फक्त एवढ्या उष्णतेत जितक्या व्हायला हव्यात त्या मानाने फारच कमी, कारण दुरुस्ती सतत चालू असते. युरॅसिल कापून काढणारी एन्झाइम आहेत, थर्मसकडे चुकीच्या जोड्या पकडणारे मटएस-मटएल आहेत, सल्फोलोबसकडे ती जोडी नाही तरी त्याचा दर कमीच, आणि आर्कियांची काही पॉलिमरेज (डीएनएची कॉपी काढणारी एन्झाइम) तर कॉपी करताना पुढे युरॅसिल दिसलं की चार बेस आधीच थांबतात.

राहिलं टॅक, म्हणजे मेसेजमधलं ते पीसीआरचं एन्झाइम. अमेरिकेतल्या यलोस्टोनमधल्या थर्मस ॲक्वाटिकसचं हे एन्झाइम उष्णता सोसतं एवढंच, प्रूफरीडिंग, म्हणजे कॉपी करताना आपलीच चूक पकडून काढणं, त्याच्यात नाहीच. सोसणं वेगळं आणि अचूक असणं वेगळं. कमी चुका हव्या असतील तर पायरोकॉकस फ्युरिओसस या आर्कियाचं पीएफयू हे एन्झाइम घेतात, त्यात प्रूफरीडिंग आहे, आणि तरीही क्लोन केलेला तुकडा पुढे वापरायच्या आधी सिक्वेन्स करून, म्हणजे अक्षरं वाचून, बघतातच.