डीपीएफ काढला की थार लिटरमागे ४ किलोमीटर जास्त देते म्हणे!

'बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे नवे नियम) आलं आणि थारच्या मायलेजची वाट लागली. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काढा, लिटरमागे ४ किलोमीटर वाढतील.' हा फॉरवर्ड फिरत फिरत मावसभावाकडे आला आणि पठ्ठ्या गॅरेजवाल्याला ॲडव्हान्स देऊन मोकळा झाला. म्हणून हे एकदाचं लिहून टाकतो.

त्यातलं खरं तेवढं आधी. डीपीएफमध्ये काजळी साठली की ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जादा डिझेल सोडून ती जाळतो. तेवढा वेळ मायलेज पडतं, मान्य. पण रोज दोन-तीन किलोमीटर शाळा-बाजार करणाऱ्या गाडीत हे जाळणं दर वेळी अर्धवट राहतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. न जळालेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका, ऑइल बदला. डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागला की गाडी हायवेला काढा, एक गिअर खाली, २००० आरपीएमच्या वर, वीसेक मिनिटं एकसारखी चालवा. ऑइल लो-ॲशच (कमी राख सोडणारं) घाला. साध्या ऑइलची राख आत बसते आणि ती काही केल्या जळत नाही.

आणि काढलाच तर? प्रेशर सेन्सर बोंबलतो, गाडी लिम्प मोडला जाते (ताकद कापून रांगते), मग रीमॅप (ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलणं), मग वॉरंटीला रामराम. मोटार वाहन कायद्याचं कलम १८२-अ (४) वाचा: बेकायदा फेरफार केला तर ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. हे कलम गाडीमालकासाठी आहे, बरं का.

मायलेजच्या बाकीच्या अफवा झटपट. 'जुनी जास्त द्यायची' म्हणे. जुनी थार डीआय ६३ बीएचपीची, कोण तिला शंभरने हाकायचं? ७० ऐवजी १०० ने गेलं की हवेचा रोध दुप्पट होतो. २०२० ची १३० बीएचपीची डिझेल त्याच सत्तरने चालवा, मग बोला. 'पेट्रोल अर्धंच देते': टर्बो पेट्रोल घाटात पितं खरं, पण लिटरभर डिझेलमध्ये मुळातच बारा-तेरा टक्के ऊर्जा जास्त असते, तेवढं तरी वजा करा. '४एचमध्ये (चारही चाकं ओढणाऱ्या मोडमध्ये) ठेवा, भार वाटला जातो' हा तर कहर! या गाडीत पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये सेंटर डिफरन्शियल (दोन्ही ॲक्सलना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नाही. डांबरी वळणावर दोन्ही ॲक्सल एकमेकांशी ओढाताण करतात. टायर झिजतात, ट्रान्स्फर केस (दोन्ही ॲक्सलना ताकद वाटणारी गिअरपेटी) जाते, डिझेलही जास्तच लागतं.

मोठ्या टायरने मायलेज पडतं हे खरं, पण त्यातलं थोडं नुसतं कागदावरचं. २५५/६५ आर१८ च्या जागी २८५/६५ टाकले की चाकाचा घेर सुमारे ५ टक्के वाढतो. ओडोमीटर ४०० दाखवतो तेव्हा गाडी ४२० गेलेली असते. टाकी फुल ते टाकी फुल मोजताना किलोमीटरला १.०५ ने गुणा.