सही इथे करा, शंका घरी ठेवा

नाशकात राजकारण करायचं म्हणता? करा. सिडकोत बॅनर लावायला एकही खांब मोकळा उरलेला नाही, पण जागा निघेल. वाढदिवस, दहीहंडी, गंगेवरची आरती, लग्नात नवरीच्या मामाच्या आधी स्टेजवर पोचणं, हे सगळं कार्यकर्ते शिकवतात. एक विद्या मात्र कुणी उघड शिकवत नाही. ज्या अहवालावर आपण सही ठोकली त्यावर आपलाच काडीचा विश्वास नसणं, आणि तरी रात्री गाढ झोप लागणं.

ही विद्या अंगात मुरलेले एक माजी नगरसेवक आमच्याबरोबर सकाळी गोल्फ क्लबच्या मैदानावर, म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर, चालायला येतात. तीन फेऱ्या झाल्या की भाऊ बाकावर टेकतात, आजूबाजूला बघतात, आवाज खाली आणतात आणि ‘आपल्यात राहू द्या’ म्हणत एखादी जुनी चौकशी कशी गुंडाळली ते सांगतात. समितीवर कोण होतं? भाऊच. अहवालावर सही? तीही भाऊंचीच. ‘मग तेव्हाच का नाही बोललात?’ असं मी एकदा विचारलं, तर मिसळीवर साखर मागितल्यासारखे माझ्याकडे बघत राहिले.

आता ज्यांच्या नावाचं ते मैदान, त्यांच्या खटल्यात ही सोयच नव्हती. २१ डिसेंबर १९०९, विजयानंद थिएटर, ‘शारदा’चा प्रयोग, बदली होऊन निघालेले कलेक्टर जॅक्सन पाहुणे. कान्हेऱ्यांनी भरल्या थिएटरात गोळ्या झाडल्या आणि ते तिथेच पकडले गेले. १९ एप्रिल १९१० ला कान्हेरे आणि त्यांचे साथीदार कर्वे आणि देशपांडे ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. गोळी कुणी झाडली यावर खासगीत कुजबुजायला कुणाला वावच नव्हता. असल्या लख्ख प्रकरणात नेत्याला काय मिळणार? शंकेला थोडं धुकं लागतं. म्हणून शिकवणीला आपण अमेरिकेतल्या डॅलसला जाऊ.

२२ नोव्हेंबर १९६३ ला तिथे राष्ट्राध्यक्ष केनेडींचा खून झाला. उपाध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी विमानातच शपथ घेतली आणि आठवड्याच्या आत, २९ नोव्हेंबरला, सरन्यायाधीश वॉरन यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांचा आयोग नेमला. त्यात एक होते जॉर्जियाचे सिनेटर रिचर्ड रसेल, जॉन्सन यांचे जुने गुरू. त्यांना त्या आयोगावर जायचं नव्हतं आणि वॉरनही त्यांना आवडत नव्हते. जॉन्सन यांनी फोन करून सांगितलं की नाव जाहीर होऊन गेलंय. हे मनावर घ्या. कुणाला समितीवर घ्यायचं असेल तर आधी पेपरात छापून आणा, विचारायचं मागाहून. आणि तुम्हालाच कुणी असं घेतलं तर रसेल यांच्यासारखं वागा. बहुतेक साक्षींना फिरकू नका, म्हणजे पुढे ‘मला तेव्हाच वास आला होता’ म्हणायला नाक ताजं राहतं.

आयोगाचा निष्कर्ष असा की ली हार्वे ओस्वाल्ड नावाच्या माणसानं एकट्यानं हा खून केला. घोडं अडलं एका गोळीपाशी. आयोगाच्या हिशेबात तीच गोळी केनेडींच्या मानेतून आरपार गेली आणि पुढे बसलेले गव्हर्नर कॉनली यांची छाती, मनगट आणि मांडी अशी यात्रा करून आली. खुद्द कॉनली म्हणत होते की मला लागलेली गोळी वेगळी. आणि गोळी वेगळी म्हटली की बंदूकवालाही दुसरा निघू शकतो. रसेल यांनाही ते पटेना. आपला विरोध अहवालात नोंदवा असा हट्ट त्यांनी १८ सप्टेंबर १९६४ च्या शेवटच्या बैठकीत धरला. मग सुरू झाला विशेषणांचा लिलाव, लासलगावात कांद्याचा होतो तसा. एकाची बोली ‘बिनतोड पुरावा’, रसेल ‘विश्वासार्ह’च्या वर जायला तयार नाहीत, आणि शेवटी सौदा तुटला ‘अत्यंत पटण्याजोगा’वर. जोडीला एक वाक्य आलं की या मुद्द्यावर थोडा मतभेद आहे, पण मूळ निष्कर्षाला त्यानं काही फरक पडत नाही. सातही सह्या झाल्या. रसेल काय काय बोलले ते त्या बैठकीच्या उरलेल्या त्रोटक इतिवृत्तात शोधून सापडत नाही. सोसायटीच्या वार्षिक सभेला कधी गेला असाल तर हा चमत्कार तुम्हाला नवा नाही. तुम्ही पाण्याच्या टाकीवरून अर्धा तास भांडता आणि महिन्याभरानं कागद येतो, ‘सर्वानुमते मंजूर’.

त्याच संध्याकाळी रसेल यांनी जॉन्सन यांना फोनवर त्या गोळीची गोष्ट सांगितली आणि म्हणाले, माझा नाही यावर विश्वास. जॉन्सन म्हणाले, माझाही नाही.

हा संवाद पाठ करून ठेवा. देशातला सगळ्यात ताकदवान माणूस आणि आयोगाचा एक सदस्य, दोघांनाही अहवालातला कळीचा मुद्दा पटलेला नाही, आणि दोघांपैकी एकाच्याही तोंडून ‘मग थांबवूया का?’ निघत नाही. सहा दिवसांनी, २४ सप्टेंबरला, तोच ८८८ पानांचा ग्रंथ जॉन्सन यांनी कॅमेऱ्यांसमोर वॉरन यांच्या हातून घेतला. तुम्हालाही असा प्रसंग येईल. ग्रंथ दोन्ही हातांनी धरा, मान तिरकी ठेवा, आणि फोटोग्राफर ‘साहेब, इकडे’ म्हणाला की इकडे बघा.

पुढचा धडा जरा अवघड आहे. शंका घ्यायचीच तर एकावर घेऊन चालत नाही, समोरचा माणूस बघून संशयित बदलता आला पाहिजे. जॉन्सन यांनी एका टीव्ही पत्रकाराला सांगितलं की केनेडी क्यूबाच्या कॅस्ट्रोच्या जिवावर उठले होते, कॅस्ट्रोनं त्यांना आधी गाठलं. १९६७ मधल्या एफबीआयच्या एका टिपणात त्यांच्याच सहाय्यकाच्या हवाल्यानं उलट नोंद आहे, की राष्ट्राध्यक्षांना यात सीआयएचा, म्हणजे आपल्याच हेरखात्याचा, हात वाटतो. दोन्ही श्रोते आपल्यालाच आतली गोष्ट कळली म्हणून खूश. आपले भाऊ हे उपजतच जाणतात. पंचवटीतल्या माणसाला ते सातपूरवाल्यांचं नाव सांगतात आणि सातपूरवाल्याला पंचवटीचं.

पद गेल्यावर थोडं मोकळं व्हायला हरकत नाही, पण दाराची कडी हातात ठेवून. १९६९ मध्ये जॉन्सन यांनी टीव्ही पत्रकार वॉल्टर क्रॉन्काइट यांना कॅमेऱ्यासमोर सांगितलं की यामागे परदेशी धागे असतील ही शंका मनातून पुरती कधी गेलीच नाही. मग राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन तेवढा भाग काढायला लावला. मुलाखत १९७० मध्ये दाखवली गेली ती त्या वाक्यांविना, आणि ती वाक्यं लोकांपर्यंत आली १९७५ मध्ये. जॉन्सन १९७३ मध्येच वारले होते. फोनच्या ध्वनिफिती तर मृत्यूनंतर पन्नास वर्षं उघडू नका अशी त्यांची ताकीद होती. ग्रंथालयानं १९९३ पासूनच त्या उघडायला घेतल्या, म्हणून तो ‘माझाही नाही’ आपल्याला ऐकायला मिळतो. तुम्ही व्हॉट्सॲप कॉल करा.

रसेलही मरणाच्या थोडं आधी, १९७० मध्ये, टीव्हीवर बोलले की ओस्वाल्डनं सगळं एकट्यानं आखलं असं मला कधीच वाटलं नाही. सहा वर्षं थांबले बिचारे.

कुणी विचारेल, मग खरं काय? मला विचाराल तर ओस्वाल्डविरुद्धचा पुरावा भक्कम आहे आणि अहवालाचा गाभा बरोबरही असेल. १९७९ मध्ये संसदेच्या समितीनं एका ध्वनिमुद्रणाच्या आधारे ‘बहुधा कट होता’ म्हटलं आणि १९८२ मध्ये शास्त्रज्ञांनी त्या आधारातली हवा काढली. म्हणजे जॉन्सन यांची शंका चुकीचीही असू शकते. पण ती चूक आहे की बरोबर हे तपासायची सगळी यंत्रणा ज्याच्या टेबलावर होती, त्यानंच ती फोनवर कुजबुजून संपवली. तुमच्या कामाची गोष्ट ती हीच.

केनेडींचे भाऊ रॉबर्ट यांच्यावर मात्र मला थट्टा सुचत नाही. मार्च १९६८ मध्ये विद्यार्थ्यांसमोर त्यांनी सांगितलं की अहवाल मी पुन्हा उघडणार नाही. त्यांच्या मुलानं २०१३ मध्ये सांगितलं की खासगीत वडील त्या अहवालाला गचाळ काम म्हणायचे. सख्ख्या भावाच्या खुनावर माणूस असं दोन तोंडांनी बोलत असेल तर त्याच्या घशात काय अडकलं असेल, हे बाकावर बसून आपण काय सांगणार? त्यांचा धडा सोडून द्या, परीक्षेला येत नाही.

तुम्ही सराव घरापासून सुरू करा. बायकोनं केलेल्या हिशेबावर सही करा आणि मेहुण्याला गच्चीवर नेऊन सांगा की आकडे जुळत नाहीत. मग सोसायटी, मग पतसंस्था, मग प्रभाग. आवाज किती खाली आणायचा ते हळूहळू जमतं. समोरच्याला पुढे झुकावं लागलं पाहिजे, पण चहावाल्याला ऐकू जाता कामा नये.

कालच कळलं की भाऊंना आणखी एका चौकशी समितीवर घेतलंय. फोन करून अभिनंदन केलं आणि विचारलं, चौकशी कशाची आहे?

‘विषय अजून हातात आलेला नाही,’ भाऊ म्हणाले, ‘निष्कर्ष आलाय. सही करून टाकली. खरं काय ते उद्या मैदानावर सांगतो, पण आपल्यात राहू द्या.’