साडेअकरा स्टोन आणि मधलं टिंब

इंग्लंडात येणाऱ्याला पाऊस, ट्रेनची भाडी, बेचव सँडविच याबद्दल सगळे आधीच सावध करतात, पण इथे प्रत्येक गोष्टीचं वजन वेगळ्या मापात चालतं हे कुणी म्हणजे कुणी सांगत नाही.

बाळ झालं तेव्हा नर्सने त्याला किलोत मोजलं, वहीत किलोतच लिहिलं, आमच्याकडे वळून हसत "सात पौंड सहा औंस!" म्हणाली आणि वही घेऊन निघून गेली. इकडे आई फोनवर, "अरे किलोत सांग ना!" पौंडाचे औंस 16, औंस म्हणजे 28 ग्रॅम आणि वर चिल्लर... 3 किलो 345 ग्रॅम असा हिशोब लागेपर्यंत तिचे पेढे वाटूनही झाले होते.

मोठ्या माणसाला मात्र पौंड चालत नाहीत, त्याला स्टोन. एक स्टोन म्हणजे 14 पौंड. 10 नाही, 12 नाही, 16 पण नाही, 14! आणि पूर्वी लंडनच्या स्मिथफिल्ड मटणबाजारात हाच स्टोन 8 पौंडांचा होता म्हणे, त्यामुळे मी 14 वर फार तक्रार करत नाही. आता आमचा काटा दाखवतो 11.5. हे साडेअकरा स्टोन, म्हणजे 11 स्टोन 7 पौंड, की 11 स्टोन 5 पौंड? जवळजवळ किलोभर माणूस एका टिंबात अडकलाय. मी सोयीचं वाचतो, बायको म्हणते टिंब म्हणजे टिंब, साडेअकराच.

शेजारच्या आजोबांना विचारलं, तुम्ही हे सगळं कन्व्हर्ट कसं करता? म्हणाले, करायचं कशाला? खरंच, हे लोक कन्व्हर्ट करतच नाहीत! बाळ पौंडात, माणूस स्टोनमध्ये, बटाटे किलोत, आणि कुणी कुणाच्या वाटेला जात नाही. मूल पौंडातून स्टोनमध्ये नक्की कधी जातं हे मात्र त्यांनाही सांगता येईना, मुंज करत असावेत. बटाटे किलोत गेले तेही कायद्याच्या धाकाने, 2000 पासून. 2001 मध्ये सन्डरलंडच्या स्टीव्ह थोबर्न नावाच्या भाजीवाल्याला पौंडात केळी विकली म्हणून कोर्टाने दोषी धरलं. केळी!

सोन्याचा औंस तर अजून वेगळा, 31.1 ग्रॅमचा. सासूबाईंनी फोनवर विचारलं, एका औंसात किती तोळे बसतात? जुना तोळा 11.66 ग्रॅमचा धरला तर पावणेतीनलाही जरा कमी, हल्लीचा सराफी 10 ग्रॅमचा धरला तर तीनच्या वर. "जावईबापू, नक्की किती ते सांगा की," म्हणाल्या, आणि पुढे माझ्या इंजिनिअरिंगच्या डिग्रीबद्दल बायकोकडे चौकशी केली.

बाबांना मात्र मजा आली. जुना मुंबईचा मण 28 पौंडांचा, बरोब्बर दोन स्टोन, हे त्यांना कुठूनसं माहीत! सूनबाईचा आकडा घेऊन त्यांनी तोंडी हिशोब केला आणि स्पीकरवर जाहीर केलं, "तू पावणेसहा मणाचा झालास रे!" मागून आईचं "अगं बाई!" मी लगेच शोधलं, तर बंगालचा मण 82 पौंडांच्या वर निघाला, त्यात मी पुरते दोन मणही भरत नाही. तेव्हापासून घरी कुणी वजन विचारलं की मी बंगाली.